मोटर जिथं जळते तिथं नंबर पाहिजे: सेलूच्या एका वायंडिंगच्या दुकानाची गोष्ट

माझ्या मामांचं सेलूला मोटर वायंडिंगचं दुकान आहे. परभणी जिल्ह्यातलं सेलू, मनमाडवरून सिकंदराबादला जाणाऱ्या रेल्वेवरचं, कापसाच्या बाजाराचं गाव. मी स्वतः परभणीला दुकानदारांची टॅली आणि जीएसटीची कामं करतो, म्हणजे मोटर भरता मला येत नाही पण हिशोब वाचता येतो. मागची दोन वर्षं मामांच्या धंद्याच्या जाहिरातीचं जे काही केलं, त्यातलं काय बुडालं आणि काय चाललं, ते सगळं इथं लिहितोय. आपल्या इकडं असली हजारो दुकानं आहेत, पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, बोअरवाले, फिटर, आणि जाहिरात म्हणलं की सगळ्यांना एकच सुचतं, फ्लेक्स लावा.

आधी धंदा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. विहिरीवरची किंवा बोअरची मोटर जळली की आतली तार काढून नवीन तार भरावी लागते, त्याला आपल्याकडं सरळ मोटर भरणं म्हणतात. ती जळते कशानं, तर तीन फेजमधला एक फेज गेला आणि मोटर दोनावरच घुमत राहिली, व्होल्टेज पडलं, विहिरीतलं पाणी संपलं आणि मोटर कोरडी फिरली, नाहीतर बेअरिंग जाम झालं. शेतीची लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते, लोकांनी ऑटो स्विच लावलेले असतात, लाईट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उचलतात, व्होल्टेज खाली येतं आणि कुणाची तरी मोटर जाते. महावितरण कधीपासून सांगतंय की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, पण रात्री दोन वाजता थंडीत आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, बटण दाबायला कोण जाणार, हे पण खरंच आहे.

म्हणजे मोटर भरायचं गिऱ्हाईक कसं असतं बघा. वर्षातले तीनशे साठ दिवस त्याला तुमच्याशी काहीही देणंघेणं नसतं. आणि एका रात्री अचानक त्याला तुमच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही, कारण गहू ओंबीवर आलाय किंवा हरभरा घाट्यावर आहे आणि पाण्याची पाळी चुकली तर पीक जातं.

मामा बावीस वर्षं स्टँडच्या रस्त्यावरच्या एका कोपऱ्यात होते. खेड्यातून येणारी जीप, टमटम, सगळं त्याच कोपऱ्यावर थांबायचं, माणूस मोटर घेऊन उतरला की समोर मामांचं दुकान. मे २०२३ ला जागामालकानं भाडं वाढवलं, ते परवडेना म्हणून मामांनी मागच्या गल्लीत एका पिठाच्या गिरणीच्या बाजूची जागा घेतली, भाडं निम्म्याहून कमी आणि जागा दुप्पट. चालत तीन मिनिटाचं अंतर असेल. पण त्या तीन मिनिटानं धंदा अर्ध्यावर आणला. त्याच काळात मेन रोडला दोन नवीन दुकानं झाली, त्यातला एक पोरगा तर मामांच्याच हाताखाली शिकलेला, मामा त्याला कधी वाईट बोलले नाहीत, "पोट सगळ्यालाच आहे" एवढंच म्हणायचे.

सुरवातीला मामांना वाटलं की हे पावसामुळं आहे. ते थोडं खरं पण होतं, २०२३ चा ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला होता, विहिरींना पाणीच नव्हतं तर मोटरी चालणार कशा आणि जळणार कशा. पण दिवाळीनंतर मी त्यांच्या फोनपेच्या एंट्र्या आणि बिलबुकं काढून बसलो तेव्हा एक गोष्ट दिसली. जुनी, नावानं ओळखीची गिऱ्हाइकं बऱ्यापैकी येतच होती. गायब झाली होती ती नवीन माणसं, म्हणजे जी स्टँडवर उतरून समोर दुकान दिसलं म्हणून आत यायची. बावीस वर्षं मामांची जाहिरात तो कोपरा करत होता, आणि त्याचे पैसे भाड्यातून जात होते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. जागा सोडली तशी जाहिरात पण सुटली.

पण हे कळायच्या आधी जून ते डिसेंबर २०२३ मध्ये मामांनी घाबरून बराच पैसा घालवला होता. चार फ्लेक्स लावले, आठ बाय दहाचे, छपाई आणि लावणावळ धरून सहा हजार गेले. फ्लेक्सवर वरती देवाचा फोटो, बाजूला मामांचा फोटो, मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव, खाली "सर्व प्रकारच्या इलेक्ट्रिक मोटारींची वायंडिंग व दुरुस्तीची कामे योग्य दरात व खात्रीशीर केली जातील", आणि एकदम खाली नंबर, एवढा बारीक की मोटरसायकलवरून जाताना वाचताच येत नाही. दोन फ्लेक्सवर पंधरा दिवसात वाढदिवसाचे फ्लेक्स चढले. एक नगरपालिकेच्या माणसांनी काढून नेला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती, परवानगी आम्हीच घेतली नव्हती. उघड्यावर असं विनापरवाना लावण्याच्या विरोधात १९९५ चा मालमत्ता विरूपणाचा कायदा आहे महाराष्ट्रात, दंड होऊ शकतो, केस होऊ शकते, तेव्हा कुणी लावणार असाल तर आधी पावती फाडून घ्या.

मग तीन हजार पत्रकं छापून पेपरमधून वाटली, ३,६०० रुपये. पेपर येतो शहरातल्या घरात, आणि मोटरी आहेत आखाड्यावर. ज्या घरात पत्रक गेलं त्या घरात मास्तर, कारकून, व्यापारी, त्यांच्याकडून मिक्सर आणि कूलरचे दोनचार फोन आले. आठवडी बाजारात तीनदा रिक्षा फिरवली भोंगा लावून, दिवसाचे दीड हजार, त्यात नाव लोकांच्या कानावर पडलं पण नंबर कुणाच्या हातात राहिला नाही. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे एका ऑनलाईन यादीवाल्या कंपनीचं वर्षाचं पॅकेज, अठरा हजार. रोज लीड, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा, येतील म्हणून सांगितलं, लीड आल्या पण, एसी दुरुस्ती पाहिजे, लिफ्टची मोटर पाहिजे, माणूस पुण्यात नाहीतर संभाजीनगरात, एक तर इंदूरचा होता. मामा बिचारे प्रत्येकाला परत फोन करून सांगायचे की आम्ही सेलूला असतो. एकूण बत्तीस हजार शंभर रुपये गेले सात महिन्यात. पाच एचपीची मोटर भरायचे मामा साडेतीन-चार हजार घेतात, त्यातली तार, बुश, बेअरिंग जाऊन हातात काय उरतं ते तुम्हीच बघा. मामींनी त्या दिवाळीला घरात काहीच घेतलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी डिसेंबरच्या शेवटी गेलो तेव्हा मामांना एकच प्रश्न विचारला, ह्या सगळ्यातून गिऱ्हाईक किती आलं. मामा म्हणाले आलं असंल की पाचपंचवीस. म्हणजे माहीतच नव्हतं. मग मी म्हणलं आता तीन महिने एक रुपया पण घालायचा नाही, फक्त विचारायचं.

इथं मामी कामात आल्या, आणि ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी दुरुस्ती तीच आहे असं माझं मत आहे. मामा दिवसभर तारेत हात घालून बसलेले, बोटाला वार्निश, फोन वाजला तरी उचलता येत नाही, आणि शेतकऱ्याचा फोन येतो कधी तर सकाळी सहा ते आठ नाहीतर रात्री नऊच्या पुढं, जेव्हा लाईट येते जाते तेव्हा. मी मामांच्या फोनची कॉल यादी बघितली, एका आठवड्यात अनोळखी नंबरचे चौदा फोन न उचललेले, आणि त्यातल्या दोघांनाच परत फोन केलेला. आम्ही बत्तीस हजार घालवत होतो फोन यावा म्हणून, आणि आलेला फोन उचलत नव्हतो. तेव्हापासून दुकानाचा नंबर मामींकडं गेला. मामींनी एक शंभर पानी वही घेतली आणि त्यांची त्यांनीच पद्धत बसवली. गाव कोणतं, विहीर का बोअर, किती एचपी, मोटर वर काढलीय का अजून आतच आहे, आणि सगळ्यात शेवटी "आमचा नंबर कुठून भेटला दादा?" हा प्रश्न शेवटी विचारायचा हे मामींचंच डोकं. आधी विचारलं तर माणूस बिचकतो, त्याला वाटतं काय चौकशी लावलीय, काम ठरल्यावर विचारलं की मोकळेपणानं सांगतो.

जानेवारी ते मार्च २०२४ ह्या तीन महिन्यात एकसष्ठ मोटरी आल्या. अडतीस जुनी गिऱ्हाइकं किंवा त्यांनी सांगितलेली. नऊ जणांना पाईपच्या दुकानदारानं किंवा गावातल्या वायरमननं पाठवलेलं. सहा गुगलवरून, चार दुकान शोधत शोधत गिरणीवरच्या रंगवलेल्या भिंतीमुळं, तिघांना आठवत नव्हतं. आणि फ्लेक्सवरून एक. पत्रकावरून शून्य. मामा ते पान बराच वेळ बघत बसले होते, काहीच बोलले नाहीत, मग उठून शिल्लक राहिलेल्या पत्रकांचा गठ्ठा आणला आणि मामींना म्हणाले मागच्या बाजूला हिशोब लिहायला घे.

पण खरी गोष्ट त्या अडतीसात दडलेली होती. मामींनी त्यातल्या काहींना नुसतं कुठून कळलं म्हणून सोडलं नाही, तर आमचा नंबर मिळवायला काय काय केलं हे पण विचारलं. मानवत रोडच्या बाजूच्या एका शेतकऱ्यानं जे सांगितलं ते मी तिथंच बसून ऐकलं. रात्री पावणेबाराला मोटरचा आवाज बदलला, मोटरच्या स्टार्टरच्या पेटीजवळ गेला तर जळल्याचा वास. मोबाईलची बॅटरी लावून पेटी उघडली, स्टार्टरला हात लावला तर गरम. मग तिथंच बसून भावाला फोन लावला, भाऊ झोपलेला, मग चुलत्याला, चुलत्याकडं मामांचा जुना नंबर जो बंद झालाय, मग शेजारच्या आखाड्यावरच्या सालगड्याला उठवलं, त्याच्याकडं दुसऱ्याच दुकानाचा नंबर. शेवटी सकाळी सेलूला येऊन जुन्या कोपऱ्यावर गेला, तिथं आता मोबाईलचं दुकान, त्यांनी मामांची गल्ली दाखवली. हा माणूस पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, त्याला मामांकडंच यायचं होतं, तरी त्याला आठ तास लागले. नवीन माणूस कशाला एवढा फिरेल?

मला त्या वेळी जे सुचलं ते एवढंच, की हा माणूस अडचणीत पडला तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर काय होतं. पेटीचं झाकण. स्टँडवरचा चौक नव्हता, पेपर नव्हता, गुगल पण नव्हतं, झाकण होतं आणि बॅटरीचा उजेड होता. नंबर तिथं पाहिजे.

तर तीन महिने थांबायचं ठरलं असूनही फेब्रुवारीतच, वही चालू असतानाच, आम्ही स्टिकर छापले. एक हजार, चार बाय सहा इंच, सात रुपयाला एक. पहिले शंभर साध्या कागदाचे होते आणि झाकणाच्या बाहेरच्या बाजूला लावले, ते उन्हानं दोन महिन्यात पांढरे पडले, ते वाया गेले. नंतर व्हिनाईलचे केले आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लावायला सुरवात केली. मजकुरावर आमची बरीच खलबतं झाली. मामांना दुकानाचं नाव मोठं पाहिजे होतं, बावीस वर्षांचं नाव आहे, त्यांचं चूक नाही. पण शेवटी असं ठरलं: वरती नंबर, जेवढा मोठा बसेल तेवढा. त्याच्याखाली "मोटर जळली? आखाड्यावरून घेऊन जाऊ. तिसऱ्या दिवशी परत. तोवर बदली मोटर." मग दुकानाचं नाव आणि गिरणीची खूण. आणि खालचा अर्धा भाग रिकाम्या रकान्यांचा, त्यात मामा मार्करनं लिहितात: कोणत्या तारखेला भरली, किती एचपी, ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) किती अँपिअरला लावलाय, गॅरंटी कधीपर्यंत. आणि एक ओळ, मीटरचा काटा ३५० व्होल्टच्या खाली असेल तर मोटर टाकू नका.

ते रिकामे रकाने माझ्या मते स्टिकर टिकण्याचं कारण आहेत. नुसती जाहिरात असती तर पोरांनी खरडून काढली असती. पण त्याच्यावर त्याच्या मोटरीची गॅरंटी लिहिलीय, मग तो स्टिकर शेतकऱ्याचाच झाला, तो जपतो. दुसरा कुणी मेकॅनिक आला तरी त्याला ओव्हरलोड किती लावलाय ते बघायला तो वाचावाच लागतो. एक सांगून ठेवतो, पेटीत स्टिकर लावताना मेन स्विच पाडल्याशिवाय हात घालायचा नाही, मामांनी आमच्या पोराला हे पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं, आणि खालचा फ्यूज काढून खिशात ठेवायचा, कुणी चुकून टाकला तर.

बदली मोटरचं आधी नव्हतंच. ते पण वहीतून आलं. मामी विचारायच्या तेव्हा लोक पैशाचं फार कमी बोलायचे, सगळ्यांचा पहिला प्रश्न "कव्हा भेटल?" हाच. आम्ही फ्लेक्सवर योग्य दर, योग्य दर म्हणून ओरडत होतो आणि माणसाला दर नकोच होता, त्याला दिवस पाहिजे होता. मामांकडं लोकांनी सोडून दिलेल्या चार जुन्या मोटरी पडून होत्या, तीनच्या दोन, पाचच्या दोन. त्या भरून तयार केल्या, आता विहिरीवरची मोटर असेल तर जळालेली काढून आणताना बदली तिथंच बसवून येतात, दिवसाला शंभर रुपये. बोअरचं तसं जमत नाही, पाईपासकट मोटर वर काढायची, दुसरी सोडायची, परत काढायची, त्यात माणसं आणि वेळ दोन्ही जातं, म्हणून स्टिकरवर बदली फक्त विहिरीसाठी असं दुसऱ्या छपाईत लिहावं लागलं. पहिल्या छपाईत ते नव्हतं आणि त्यावरून दोघांशी वाद झाले. जाहिरातीत जे लिहाल ते द्यावं लागतं, आणि नाही देता आलं तर ते गाव तुमच्यासाठी बंद होतं, कारण खेड्यात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेली असते.

व्हॉट्सअपबद्दल. मामांच्या पोरानं व्हॉट्सअप बिझनेस चालू केलं, ब्रॉडकास्ट लिस्ट केली, दोनशे छप्पन्न नंबर बसतात एका लिस्टमध्ये, मेसेज पाठवला आणि बहुतेकांना पोचलाच नाही. मला पण तेव्हाच कळलं, ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यालाच जातो ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो. बऱ्याच दुकानदारांना हे माहीत नसतं, ते पाठवत राहतात आणि म्हणतात लोक बघत नाहीत. मग आम्ही उलटं केलं. मोटर न्यायला माणूस आला की मामी त्याच्यासमोर त्याला मिस कॉल देतात आणि म्हणतात "सेव्ह करा दादा, मोटरवाले मामा म्हणून." दुकानाचं नाव नाही सांगत. कारण रात्री फोनमध्ये शोधताना माणूस मोटर असंच टाईप करतो. हे करायला एक रुपया लागत नाही.

स्टेटसला मामा रोज काही टाकत नाहीत, पण एक गोष्ट टाकतात आणि ती लोक बघतात. तांब्याच्या धंद्यात फसवाफसवी आहे, तार हलकी भरतात, कुठं कुठं ॲल्युमिनियमची भरून तांब्याचे पैसे घेतात, शेतकऱ्याला आत काय आहे ते कसं कळणार. मामा मोटर भरायच्या आधी नवीन तारेची गुंडी काट्यावर ठेवतात, आकडा मोबाईलवर शूट करतात, मग जळालेली काळी तार ठेवतात, तिचा पण आकडा, आणि दोन्हीचा व्हिडिओ त्या गिऱ्हाइकाला पाठवतात. जुनी तार पाहिजे तर घेऊन जा, नको तर भंगारच्या भावानं बिलातून कमी. त्यातलेच व्हिडिओ विचारून स्टेटसला ठेवतात, गावाचं नाव न घेता. तीस सेकंदाचा व्हिडिओ, त्यात मामा दिसत पण नाहीत, फक्त काटा, तार आणि मागं रेडिओचा आवाज. पाथरीकडच्या एका माणसानं तो बघून मोटर आणली होती, पाथरीला चार दुकानं असताना.

गावोगावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर जाहिरात टाकू नका. एकदा टाकली, ग्रुपमधून काढलं, संपलं. त्यापेक्षा गावात पिठाच्या गिरणीवर भिंत रंगवा, मालकाची परवानगी घेऊन. आम्ही सहा गावात रंगवल्या, पेंटरला भिंतीमागं नऊशे दिले. गिरणीच का, तर तिथं पण मोटर आहे, तिथला मालक स्वतः आमचं गिऱ्हाईक, आणि दळण होईपर्यंत माणूस तिथं उभा राहतो. फार काम येतं असं नाही, पण भिंत दोनतीन वर्षं जाते.

गुगलचं मी करून दिलं, गुगल बिझनेस प्रोफाईल, फुकट आहे. मामांचं दुकान आधीच कुणीतरी जुन्या कोपऱ्यावर टाकून ठेवलेलं होतं, म्हणजे जे मॅप बघून येत होते ते मोबाईलच्या दुकानात जात होते, आठ महिने. पत्ता बदलला, पिन हलवली, गल्लीच्या तोंडाचा, गिरणीचा, दुकानाच्या शटरचा असे तीन फोटो टाकले. वेळ सकाळी सहा ते रात्री दहा टाकली कारण मामी फोन घेतातच. नावात "सेलू बेस्ट मोटर वायंडिंग सबमर्सिबल रिपेअर" असलं काही घुसडलं नाही, एक पोरगा सांगत होता तसं करा म्हणून, पण गुगलच्या नियमात दुकानाचं जे खरं नाव तेच टाकायचं असतं, नाहीतर प्रोफाईल बंद पडू शकतं. तसंच पैसे किंवा सूट देऊन रिव्ह्यू लिहून घ्यायला पण मनाई आहे. आम्ही फक्त विचारतो, जमलं तर लिहा, आणि तरुण पोरं लिहितात. गुगलवरून येणारं काम वेगळं आहे हे पण सांगतो, घरच्या बोअरची मोटर, हॉटेलची, पिठाच्या गिरणीची, शहराजवळची माणसं. आखाड्यावरचा माणूस अजून गुगलवर कमी येतो, पण पंचविशीतली पोरं बोलून शोधतात, माईकचं बटण दाबून मोटर रिपेअर म्हणतात, ते दरवर्षी वाढतच जाणार.

कमिशनवरून मात्र मामांचं आणि माझं जमलं नाही. मी म्हणलं होतं की वायरमन आणि पाईपच्या दुकानदाराला मोटरमागं दोनशे-तीनशे द्या, तेच सगळ्यात जास्त पाठवतात. मामा नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं, दोनशे मी माझ्या खिशातून थोडीच देणार, ते शेतकऱ्याच्या बिलातच चढणार, आणि उद्या दुसऱ्यानं तीनशे दिले की तो वायरमन तिकडं जाणार. त्यापेक्षा त्यांनी पाठवलेली मोटर आधी हातात घ्यायची, म्हणजे त्यांचा गावात शब्द राहतो. मला तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतंय, कारण त्यातले तिघे वायरमन आजपण पाठवतात आणि मेन रोडच्या एका दुकानानं पैसे सुरू केलेत तरी पाठवतात. पण हे सगळ्यांना चालेल असं मी म्हणत नाही, मामांची बावीस वर्षं त्याच्या मागं आहेत, नवीन माणसाकडं काय आहे.

आता आकडे. जानेवारी ते मार्च २०२५, तेच तीन महिने, सत्त्याण्णव मोटरी. एक्केचाळीस जणांनी स्टिकर सांगितला, त्यात निम्मे तरी स्वतःच्या नाही, शेजाऱ्याच्या पेटीतला. हे आम्हाला वाटलंच नव्हतं, एका डीपीवर दहाबारा पेट्या असतात आणि एकाच्या पेटीत नंबर असला की सगळ्यांना तो पुरतो. चोवीस ओळखीतून, तेरा वायरमन आणि पाईपवाल्यांकडून, अकरा गुगल, पाच भिंती, तीन इतर.

पण ह्या आकड्यांना दोन गोष्टी चिकटलेल्या आहेत, त्या नाही सांगितल्या तर खोटं होईल. एक तर २०२४ चा पावसाळा. सप्टेंबरच्या सुरवातीला परभणी जिल्ह्यात जो पाऊस झाला, त्यात पेट्या बुडाल्या, स्टार्टर गेले, मोटरीत गाळ गेला, दुकानाच्या बाहेर गल्लीत मोटरींची रांग होती, सगळ्याच दुकानांना काम होतं, त्यात जाहिरातीचा काही संबंध नाही. म्हणून मी ते महिने तुलनेत धरलेच नाहीत. पण त्याच पावसामुळं विहिरींना पाणी राहिलं, म्हणून पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मोटरी पण जास्त चालल्या, तो फायदा ह्या सत्त्याण्णवमध्ये आहे, किती ते वेगळं काढता येत नाही. आणि दुसरं, स्टिकर सांगणाऱ्यातले काही जण जुनेच आहेत, ते तसेही आले असते, फक्त आठ तासांऐवजी आठ मिनिटात आले.

तरी खर्च बघा. स्टिकर सात हजार, भिंती ५,४००, बाकी सगळं फुकट. फ्लेक्स बंद, पेपर बंद, ते ऑनलाईन पॅकेज परत घेतलं नाही.

सध्या डोक्यात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सौर पंप. मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना आली तशी आजूबाजूच्या गावात पाट्या दिसायला लागल्यात, शेतकऱ्याला दहा टक्के भरायचे आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के, पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं. त्या पंपाच्या कंट्रोलरवर कंपनीचा नंबर असतो, तिथं आपला स्टिकर लावण्यात अर्थ नाही, पाच वर्षं तर नाहीच. मामांनी पोराला सौर पंपाची मोटर शिकायला पाठवायचं ठरवलंय, कारण पाच वर्षांनी त्या पण जळतीलच. तोपर्यंत दुसऱ्या छपाईचे तीनशे स्टिकर शिल्लक आहेत, ते जिंतूर रोडच्या गावांसाठी ठेवलेत, दिवाळीनंतर गव्हाच्या पेरण्या उरकल्या की पोरगा मोटरसायकलवर निघणार आहे, मामींनी त्याला वहीचं मागचं पान दिलंय, कोणत्या डीपीवर किती पेट्या ते लिहून आणायला.